फिल्टरचा दाखला

आमच्या श्रीगोंदा तालुक्यात दाखल्यावाचून माणसाचं पान हलत नाही. जन्मलात, की दाखला. शाळेत गेलात, दाखला. शाळा सोडलीत, त्याचा वेगळा दाखला. उत्पन्न आहे म्हणून दाखला लागतो आणि उत्पन्न नाही म्हणूनही लागतो. पेन्शनर मंडळींना तर दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा लागतो. साहेबांच्या पुढ्यात उभं राहून दोनदा खोकून दाखवलं तरी ते पुराव्यात धरत नाहीत. बरं, मेल्यावर तरी यातून सुटका असावी? छे! तेराव्याचं जेवण उरकायच्या आत वारसांची पहिली धाव असते ती मृत्यूच्या दाखल्यासाठीच.

अशा या दाखल्यांच्या मुलखात एकच वस्तू अशी आहे, की जी कुणाचाही दाखला न घेता थेट स्वयंपाकघरात शिरते, ओट्याच्या वर भिंतीवर मानाच्या जागी टांगली जाते, आणि तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या पोटात रोज काय जातं याचा कारभार पाहते. ती वस्तू म्हणजे पाण्याचा फिल्टर. माझं भांडण त्याच्याशी आहे. म्हणजे फिल्टरशी तसं नाही. तो बिचारा भिंतीवर गुरगुरत असतो. माझं भांडण त्याला कुणी काही विचारत नाही याच्याशी आहे.

आता आमची माणसं भोळी म्हणून असं होतं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा काष्टीच्या शनिवारच्या बाजारात यावं. बैल घ्यायचा तर गडी आधी त्याच्या तोंडात हात घालून दात बघतो. मग शेपटी पिरगाळतो, चालवून बघतो, बसवतो, उठवतो, आणि एवढं करून ‘डोळा जरा बारीक वाटतोय’ म्हणत शंभर पावलं पुढं जाऊन परत येतो. आमच्या आयाबाया चाळीस रुपयांचं मडकं घेताना दहा मडकी बोटाच्या पेरानं वाजवतात आणि अकरावं घेतात. सोन्याचं तर विचारूच नका. सोनार सख्खा मेहुणा असला तरी दागिना दुसऱ्या सोनाराच्या काट्यावर घालून यायचा, हा शिरस्ता.

हीच माणसं फिल्टर घ्यायला दुकानात गेली, की त्यांचं काय होतं कुणास ठाऊक! “निळ्यात आहे का हो? आमच्या टाइल्स निळ्या आहेत,” एवढाच काय तो सवाल. फार चौकस बाई असली तर विचारते, “त्या जाहिरातीत ती हिरॉइन दाखवतात, तोच ना हा?” तोच, म्हणून दुकानदार सांगतो. झाली परीक्षा. बैलाचे दात बघणारा गडी इथं आठ-नऊ हजार रुपये मोजतो, आणि तो डबा स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून घरी आणतो. पाणी वाजवून घेता येत नाही, ही खरी अडचण. ते दिसायला स्वच्छ असलं, की आपल्याला ते स्वच्छच वाटतं.

पूर्वी हे सोपं होतं. हंड्याच्या तोंडाला धोतराचं फडकं चौपदरी बांधलं की झालं गाळणं. पावसाळ्यात गढूळ आलं तर तुरटी फिरवायची. मग लग्नाच्या आहेरात स्टीलचे फिल्टर यायला लागले. वर एक डबा, खाली एक डबा, मधे पांढऱ्या दोन कँडल. एकेका लग्नात असे चार-चार फिल्टर येत, आणि त्यातले तीन पुढच्या तीन लग्नांत जात. दर रविवारी कँडल घासणं हे घरातल्या पुरुषाला जमणारं एकमेव गृहकृत्य होतं. या कँडलचं मूळ घराणं मोठं खानदानी आहे. पॅरिसमध्ये पाश्चरसाहेबांच्या प्रयोगशाळेत शांबरलां नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली चिनी मातीची नळी करून तिच्यातून जंतू गाळून काढले. पण पुढं १८९२ मध्ये इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं तंबाखूच्या रोगट पानांचा रस तशाच नळीतून गाळला, तर गाळलेल्या रसानंही निरोगी पानं आजारी पडली. जंतूंपेक्षा बारीक असं काहीतरी त्या नळीतून आरपार निघून गेलं होतं. म्हणजे विषाणू नावाच्या प्राण्याची माणसाशी पहिली ओळख झाली तीच मुळी फिल्टरमधून निसटताना! आमच्या आहेरातल्या कँडलला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण कावीळ पसरवणारे विषाणू पाण्यातून येतात, आणि २०१२ साली इचलकरंजीत त्यांनी हजारो माणसं आजारी पाडली, तेव्हा ‘आमच्याकडे फिल्टर आहे’ या वाक्याला काही अर्थ असायचा तर कोणता फिल्टर, आणि तो काय अडवतो, हे आधी विचारायला हवं.

पण विचारतो कोण? आमच्याकडे कुकडीच्या कॅनॉलला आवर्तन सुटलं की विहिरींना पाणी, नाही तर बोअर. बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरी पुटं चढतात. शिवाय हा उसाचा मुलूख. जिथं ऊस तिथं युरिया, आणि जिथं युरिया तिथं खालच्या पाण्यात नायट्रेट उतरायचं भय. ते ना कँडलनं जातं ना उकळून. उकळल्यानं पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, एवढीच काय ती प्रगती. तेव्हा इथं आरओची यंत्रं खपतात याचं मला नवल वाटत नाही. काहींना त्यांची खरोखर गरज आहे. ती विकायला येणाऱ्यांचं मात्र वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक पोरगा आमच्याकडे आला. भर उन्हात टाय. हातात पेटी.

“काका, तुमचं पाणी फ्री चेक करून देतो.”

आमच्या घरात ‘फ्री’ हा शब्द उच्चारला की सौ. स्वयंपाकघरातून आपोआप बाहेर येते. ती आली. शेजारचे गुरुजीही आले. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले. कुणी काही तपासतंय म्हटलं, की त्यांना राहवत नाही.

पोरानं पेटीतून पेनाएवढं एक यंत्र काढून आमच्या नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला ६४०.

“बघा काकू! सहाशे चाळीस!” पोरगा असा काही ओरडला, की सौ.नं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाजूच्या गावाला सहाशे चाळीस विंचू निघाल्याची बातमी आली की काय.

“म्हणजे काय आहे त्यात?” मी विचारलं.

“टीडीएस, काका. विष आहे, विष!”

गुरुजींनी सावकाश चष्मा पुसला. “बाळ, ते क्षार आहेत. भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला पाचशे मिलिग्रॅमपर्यंत चांगलं म्हटलंय, आणि दुसरीकडे कुठं पाणीच मिळत नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घ्या म्हटलंय. तुझं ते पेन पाण्यातून वीज किती वाहते तेवढं मोजतं. जंतू मोजतं का?”

“मोजतं ना सर. सगळं मोजतं.”

गुरुजी काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी त्या पोरानंच बाटलीतून आणलेल्या शुद्ध पाण्यात दोन चमचे साखर ढवळून आणली. पेन बुडवलं. आकडा जवळपास होता तिथंच. “आता हे गोड पाणी जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी झालं. उद्या यात अख्ख्या आळीचे जंतू सोडले तरी तुझं पेन काही तक्रार करणार नाही,” गुरुजी म्हणाले.

पोरगा पक्का होता. त्यानं पेटीतून ब्रह्मास्त्र काढलं. दोन ग्लास, दोहोंत बुडणारे धातूचे गज आणि विजेची वायर. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याचं. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात आमचं पाणी पिवळं झालं, मग हिरवट, मग तपकिरी, आणि शेवटी त्यावर काळा-करडा चोथा तरंगायला लागला. त्याचं पाणी जसंच्या तसं. सौ.चा चेहरा असा झाला, की जणू गेली चाळीस वर्षं आपण या माणसाला काय पाजत आलो!

“हे रोज तुमच्या पोटात जातं, काकू.”

खरं सांगतो, त्या क्षणी गुरुजी नसते तर पाचव्या मिनिटाला आमच्या भिंतीला भोक पडलं असतं. गुरुजी म्हणाले, “वहिनी, चिमूटभर मीठ आणा.” मीठ आलं. गुरुजींनी ते त्या पोराच्या शुद्ध पाण्यात टाकलं आणि पुन्हा बटण दाबलं. बघता बघता त्याचं पाणी आमच्यापेक्षाही काळंबेरं झालं! मग गुरुजींनी गज वर काढून दाखवला. “हा लोखंडी. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, गज विरघळतो आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. क्षार नसले तर वीज वाहतच नाही. तो चोथा पाण्यातला नाही रे, तुझ्या गजातला आहे.”

यावर पोरगा गप्प झाला असेल, असं तुम्हांला वाटेल. तो म्हणाला, “सर, कंपनीनं ट्रेनिंगमध्ये असंच दाखवलंय.” आणि ते खरंच असणार. त्या पोराचा मला राग आला नाही, सौ.नं त्याला सरबत दिलं (श्रीगोंद्याच्या लिंबाचं आणि नळाच्या पाण्याचं), ते तो आनंदानं प्यायला. पण असे पोरगे शंभर घरं फिरतात, आणि त्या शंभरांत गुरुजी एखाद्याच घरी असतात. बाकीच्या नव्व्याण्णव घरांत निकाल काय लागतो ते भिंती सांगतात.

“बरं, तुमच्या यंत्रावर कुणाचा दाखला आहे का?” मी विचारलं.

“आहे ना काका!” त्यानं खोक्यावरचे शिक्के दाखवायला सुरुवात केली. शिक्के इतके होते, की खोकं मूळचं कुठल्या रंगाचं आहे ते कळत नव्हतं. एकावर गरुड, एकावर पृथ्वीचा गोल, एकावर पानं-फुलं. एकावर ‘१०० टक्के’ एवढंच लिहिलेलं. कशाचे, ते नाही. एक आयएसओ ९००१चा. हा शिक्का वाईट नाही, पण त्याचा अर्थ कंपनीचा कारभार ठरल्या पद्धतीनं, नोंदी ठेवून चालतो एवढाच. उद्या एखादा कारखाना नोंदी ठेवून, ठरल्या पद्धतीनं गळकी पिंपं करायला लागला तरी त्याला तो मिळायला हरकत नसावी. पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

“आणि आयएसआय?”

“हा काय!” म्हणून त्यानं अभिमानानं यंत्राची शेपटी उचलली. शिक्का खरोखरच होता. अगदी अस्सल. प्लगवर. खाली आयएस १२९३ असा आकडा. म्हणजे प्लगचं मानक. वायरीवर आयएस ६९४, म्हणजे वायरीचं. तेव्हा त्या यंत्रातून विजेचा धक्का बसणार नाही याबद्दल सरकारनं जबाबदारी घेतली होती. पाण्याबद्दल कुणीच घेतलेली नव्हती.

आता गंमत अशी, की फिल्टरला मानक नाही असं मुळीच नाही. भारतीय मानक ब्युरोनं घरगुती आरओसाठी आयएस १६२४० हे मानक २०१५ साली काढलं. अतिनील किरणांच्या यंत्रांसाठी आयएस १४७२४ तर त्याच्याही आधीचं, १९९९ सालचं. त्यात सगळं आहे. यंत्रानं काय काढलं पाहिजे, किती काढलं पाहिजे, किती पाणी वाया घालवावं. पण मानक निघालं तेव्हा ते ऐच्छिक होतं. म्हणजे ज्याला परीक्षेला बसायचंय त्यानं बसावं, बाकीच्यांनी थेट पुढच्या वर्गात जावं! माझ्या शाळेत अशी सोय असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

२०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं आरओला हटकलं. जिथं टीडीएस पाचशेच्या आत आहे तिथं हे यंत्र कशाला, आणि जिथं लावाल तिथं निदान साठ टक्के पाणी तरी वाचवा, असं बजावलं. मग मसुदे झाले, हरकती झाल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं अशा यंत्रांच्या वापराचे नियम काढले. दिल्लीत निघालेला नियम श्रीगोंद्याला यायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. श्रीगोंदा रोड नावाचं आमचं स्टेशनसुद्धा गावापासून लांबच आहे. उतरल्यावर पुढचं साधन आपलं आपण बघायचं. पण आमच्या पेठेत आजही बिनशिक्क्याचं यंत्र शिक्क्याच्या यंत्राच्या शेजारी, त्याच फळीवर, त्याच तोऱ्यात बसलेलं मी बघतो. कॅबिनेट एकीकडचं, पंप दुसरीकडचा, पडदा तिसरीकडचा, आणि नावाचं स्टिकर गावातल्याच छापखान्यातलं. त्याला ‘असेंबल’ म्हणतात. आमच्याकडे याला पूर्वी दुसरा शब्द होता, तो इथं छापण्यासारखा नाही.

आणि सरकारला सक्ती करता येत नाही, असंही नाही. २०२१ हे एकच साल घ्या. त्या सालापासून खेळण्यांना शिक्का सक्तीचा झाला. कुकरला झाला. हेल्मेटला झाला. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. पोराचा खुळखुळा, आईचा कुकर, बापाचं हेल्मेट आणि आजीची पाटली, सगळ्यांची सोय एका सालात झाली. तेच पोरगं, तीच आई, तोच बाप आणि तीच आजी जे पाणी पितात त्या यंत्राच्या बाबतीत मात्र ‘गिऱ्हाइकानं जागरूक असावं’! अहो, गिऱ्हाईक जागरूक राहून राहून किती राहील? पाण्यातला विषाणू बघायला मी जागरूक राहू, की सूक्ष्मदर्शक विकत घेऊ?

हे बोललो, की दोन प्रकारची माणसं अंगावर येतात. पहिले आमचे तात्या. “आमी कॅनॉलचं पानी पेऊन म्हातारं झालो. आमाला कुटं काय झालं?” याला माझं उत्तर एवढंच, की ज्यांना झालं, ते हे सांगायला पारावर येत नाहीत. दुसरे जरा शिकलेले. ते म्हणतात, “कसला शिक्का घेऊन बसलात? इन्स्पेक्टर येणार, चहा पिणार, पाकीट घेणार, शिक्का मारून जाणार. वर यंत्र पाचशेनं महाग.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिरीमिरीचा अनुभव कुणाला नाही? पण त्यावर उपाय परीक्षाच रद्द करणं हा नव्हे. पेपर फुटतात म्हणून आपण दहावी बंद केली नाही. नाही तर आमच्या आळीतली पोरं केव्हाच मोर्चा घेऊन निघाली असती.

उपाय इतका सोपा आहे, की तो आमच्या क्रिकेटच्या मैदानावरच्या पोरांनासुद्धा कळतो. बॅटिंगवाल्यानं अंपायर व्हायचं नाही. बस्स. आज होतं काय, तर यंत्र कंपनीचं, प्रयोगशाळा कंपनीची, रिपोर्ट कंपनीचा आणि ‘९९ टक्के जंतू नष्ट’ हे वाक्यही कंपनीचं. स्वतःच बॅट, स्वतःच बोट वर. या ९९ टक्क्यांचा हिशेब मी एकदा सौ.ला करून दाखवला. एका लिटरात दहा लाख जंतू असले तर ९९ टक्के गेल्यावर दहा हजार उरतात. ९९.९ टक्क्यांना एक हजार. ९९.९९ टक्क्यांना शंभर. “म्हणजे दशांश चिन्हापुढचा एकेक नऊ म्हणजे हजारांनी जंतू की हो!” ती म्हणाली. आमच्या लग्नानंतर तिनं माझं गणित मान्य केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये घरगुती पाणीशुद्धीच्या साधनांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली, ती नेमकी या नवांवर. तीन तारे हवे असतील तर जिवाणू ९९.९९ टक्के, विषाणू ९९.९९९ टक्के आणि अमीबाच्या जातीचे आदिजीव ९९.९९ टक्के गेले पाहिजेत. विषाणूंना एक नऊ जास्त; इव्हानोव्स्कीची नळी ते विसरलेले नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे निकाल साधनाच्या नावासकट छापतात. अमेरिकेत एनएसएफ नावाची संस्था १९४४ साली मिशिगन विद्यापीठात निघाली. तिचे वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे दाखले आहेत. पाण्याचा वास-चव सुधारत असेल तर ४२ नंबर, शिशासारखी आरोग्याला घातक द्रव्यं काढत असेल तर ५३, आरओला ५८. चव सुधारणाऱ्यानं रोग बरा केल्याची ऐट मिरवायची नाही! त्याच मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराच्या नळांतून २०१४ नंतर शिसं यायला लागलं, तेव्हा लोकांना फिल्टर वाटताना शिशासाठीचा दाखला असलेलेच वाटावे लागले. परीक्षेची फी तिथंही कंपनीच भरते. पण इन्स्पेक्टर न सांगता कारखान्यात येतो, आणि यंत्र घसरलं की दाखला जातो. क्रिकेटच्या अंपायरला तरी मानधन कोण देतं? पण ते बॅट्समनच्या धावांवर ठरत नाही.

मी एवढा हट्टाला का पेटलोय, असं सौ.नंही मला विचारलं. आमच्या आळीतली एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ तीन महिन्यांचं, वरच्या दुधावर. पावडर कालवायची ती फिल्टरच्या पाण्यात, कारण यंत्र लावणारा सांगून गेला होता, “ताई, आता उकळायची काही गरज नाही.” आमच्या सगळ्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या एक शहाणपण जपलं होतं, बाळाचं पाणी उकळून गार करायचं, ते या एका वाक्यानं गेलं. बाळाला जुलाब लागले. चार दिवस त्या इवल्याशा हाताला सलाईनची सुई होती. बाळ वाचलं; आता रांगतं, माझा चष्मा ओढतं. पण त्या चार रात्री त्या घरातला दिवा मालवला नव्हता, आणि आम्ही शेजारीही झोपलो नव्हतो.

नंतर गुरुजींनी ते यंत्र उघडलं. आतली जंतू मारणारी अतिनील नळी केव्हाच बंद पडली होती. गाळणीवर शेवाळासारखा बुळबुळीत थर. आणि बाहेर, यंत्राच्या कपाळावर, हिरवा दिवा लख्ख जळत होता. तो दिवा पाणी शुद्ध असल्याचा नव्हताच. तो वीज चालू असल्याचा होता!

बाळ फिल्टरमुळेच आजारी पडलं, असं मी म्हणत नाही. बाटली असेल, बूच असेल, आणखी काही असेल. कुणालाच ते सांगता येत नाही. कारण ते यंत्र काय काढतं आणि कधीपर्यंत काढतं हे कुणी त्रयस्थानं कधी मोजलेलंच नव्हतं. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, “सर्व्हिसिंग केलं नसेल.” सर्व्हिसिंगवाला म्हणाला, “मालच तसला.” पाणी पिणाऱ्याचा हक्काचा जाब विचारायला कागदावर एक ओळ नाही.

आणि हे खेड्यातच चालतं असं समजू नका. आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं शिकायला पुण्याला. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा इथं घराघरांतून फोन गेले, “नळाचं पिऊ नको रे, जारचं पी.” महापालिकेनं पाण्याचे नमुने उचलले, तर खाजगी आरओ प्लांटांमधलं पाणीही पिण्याला अयोग्य निघालं, आणि काही प्लांट बंद करावे लागले. आम्ही पोरांना जे प्यायला सांगत होतो त्याची परीक्षा झाली, ती माणसं दवाखान्यात गेल्यावर.

बरं, दाखल्याची ही कल्पना काही मी सातासमुद्रापलीकडून आणलेली नाही. आपल्याच महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या पाण्याला कार्ड असतं. आरोग्य खात्याची माणसं वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, विहीर, टाकी, गळती, टीसीएल पावडरचा साठा सगळं बघतात आणि गावाला हिरवं, पिवळं नाही तर लाल कार्ड देतात. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. लाल कार्ड मिळालं की सरपंचाला चारचौघांत तोंड दाखवायची चोरी होते; मी बघितलंय, पंधरा दिवसांत टाकी धुतली जाते. पाण्यात विष्ठेचे जंतू आहेत का हे सांगणारी साधी बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९८२ साली जगापुढं ठेवली. पाणी भरून ठेवा, काळं झालं की समजा, घात आहे. जलजीवन मिशनखाली गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. म्हणजे विहिरीला दाखला, टाकीला दाखला, नळाला दाखला. शेवटच्या दोन फुटांवर, ओट्याच्या वर, सगळं रामभरोसे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. शिक्क्यावाचून फिल्टर विकायला बंदी करा, जशी कुकरला केलीत. खोक्यावर मराठीत लिहा: हे यंत्र काय काढतं, काय काढत नाही, आणि किती लिटरनंतर निरुपयोगी होतं. जंतू मारणारी नळी विझली की पाणी बंद झालं पाहिजे. दिव्यानं थाप मारायची नाही. वर्षातून एकदा बाजारातून, कारखान्याला न सांगता, यंत्रं उचला, तपासा, आणि निकाल पेपरात नावानिशी छापा. दहावीच्या पोरांचे छापता, तसे.

तोवर मी माझ्यापुरतं एक सुरू केलंय. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा आकडा असतो आणि खाली ‘सीएम/एल’ अशा अक्षरांचा परवाना नंबर. मानक ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अॅप फोनवर घेऊन त्यात तो नंबर टाकला, की परवाना कुणाचा, कशाचा, आणि चालू आहे की नाही ते दिसतं. परवा पेठेत जाऊन मी एकेका यंत्राचे नंबर टाकत बसलो. सहा यंत्रांपैकी दोघांचे जुळले. एका यंत्राचा नंबर टाकला, तर दुसऱ्याच कुणाच्या भलत्याच मालाचा परवाना निघाला. बाकीच्या तिघांना नंबरच नव्हता.

दुकानदार ओळखीचा. तो गल्ल्यावरून हे सगळं बघत होता. “काका, वीस वर्षं दुकान चालवतोय. नंबर विचारणारे तुम्ही पहिलेच.”

“आता वहिनी येतील,” मी म्हणालो. “गुरुजींच्या. मग आमची सौ. येईल. मग ती बाळाची आई.”

त्यानं तीन यंत्रांकडे बघितलं. मग पोऱ्याला हाक मारून ती फळीवरून उतरवली आणि आत नेऊन ठेवायला सांगितली. आत म्हणजे गोडाऊनमध्ये. परत कंपनीकडे पाठवणार की काष्टीच्या बाजारात नेऊन विकणार, ते मात्र तो बोलला नाही. येत्या शनिवारी मी आणि गुरुजी काष्टीला जाणार आहोत. बैल बघायला.